वाटे न पडणारा आकडा

खोली भाड्यानं मिळेल का, हे विचारायला मी सरांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, पाणीही विचारलं नाही. म्हणाले, “वय?”

“सत्तावीस.”

दम्याच्या रोग्याकडे डॉक्टरनं पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तीन नव्वे सत्तावीस. त्या नवाचेही परत तीन त्रिक. फार तुकडे आहेत तुमच्यात,” ते म्हणाले. “दोन वर्षं जरा सांभाळून काढा. एकोणतिसाव्या वर्षी बरं वाटेल.”

आतून काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज आला, “भाऊ, घाबरू नोका जी. लग्नाच्या आधी मले बी असंच सांगतलं होतं. खोली घ्या तुमी, पानी चोवीस तास हाये.”

“चोवीस!” सर कळवळून म्हणाले. “दोननं जातो, तीननं जातो, चारनं जातो... तेवीस तास म्हणालीस तर काय बिघडतं?”

मी खोली घेतली. असा घरमालक सोडून जायची माझी छाती झाली नाही.

मी त्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला रुजू झालो होतो आणि सर तिथंच गणित शिकवत. ब्रह्मपुरीहून काळीपिवळीत बसलं की धानाच्या बांध्या संपतात तिथं गाव, गाव संपतं तिथं बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आणि बोडीच्या पल्याड लगेच जंगल. सरांचं घर गावाच्या त्या शेवटच्या टोकाला. घर बेताचं, पण कंपाउंडची भिंत मात्र राइस मिलला शोभेल अशी लांबच लांब, बोडीच्या रस्त्याला धरून गेलेली. या भिंतीनं पुढे जो घोळ घातला त्यात अर्धा हात भिंतीचा होता आणि अर्धा माझ्या तोंडाचा.

सर उंच, काटकुळे, दम्यानं किंचित वाकलेले. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो तसा यांच्या कानावर खडू. तो आंघोळीलाही उतरत नसे. “डोक्यावरून पानी घेतलं का कानामांगून पांढरा पाट वाह्यते जी,” काकू सांगत. “लोकायच्या नवऱ्याचा मळ निंगते, माह्या नवऱ्याचा चुना.”

जगातल्या सगळ्या आकड्यांची सरांनी दोन जातींत विभागणी केली होती: तुटणारे आणि न तुटणारे. पुस्तकात न तुटणाऱ्याला मूळ संख्या म्हणतात. एक आणि तो स्वतः सोडून त्याला कुणाचाच भाग जात नाही. सात, अकरा, तेरा, सतरा. एवढं तर मलाही ठाऊक होतं, पण मी ते परीक्षेपुरतं ठाऊक करून घेतलं होतं. सर त्या माहितीवर संसार करत होते. काळीपिवळीत ते बाराव्या माणसाच्या जागेवर कधी बसले नाहीत. अकरा माणसं आत असताना बारावे म्हणून सर चढले, की मोजून लगेच उतरत आणि “आतले अकरा सुखानं जातील” असं स्वतःशी म्हणत रस्त्याकडेला उभे राहत. ड्रायव्हर वस्ताद होता. तो ओरडे, “सर, अजून एक जन आनतो, तेरावे होऊन बसा!” मग सर तेरावे म्हणून एका मांडीवर अर्धे आणि दाराबाहेर अर्धे असे ब्रह्मपुरीपर्यंत जात, आणि चेहऱ्यावर असं समाधान असे की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस पुढच्या सीटवर एकटा बसला आहे.

लग्नाच्या पंगतीत तर त्यांना बोलावणं म्हणजे संकट. ताटं वाढून झाली की सर रांग मोजत आणि आकडा तुटणारा निघाला की स्वतः उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसत. दुसरी रांग बिघडे. मग तिथून एखाद्या पाहुण्याला उठवून पहिल्या रांगेत पाठवत. एकदा त्यांनी चुकून नवरदेवाच्या मामाला उठवलं. मामा जो रुसला तो थेट एसटी स्टँडवर सापडला. काकूंना याचं काहीच वाटत नसे. त्या म्हणत, “आमच्या लग्नात सप्तपदी सातची होती म्हनून हा मानूस उभा राह्यला. आठ पावलं असती तं मी आज बी बापाच्या घरी असती.”

सरांना आकडा समजावून सांगायला माणूस लागे आणि तो माणूस, विद्यार्थी कंटाळून पळाले की, बहुतेक वेळा कौसाबाई असे. कौसाबाई म्हणजे शेजारीण. साठीची, बोडीत जाळं टाकून मासोळ्या धरणारी आणि जीभ जाळ्याहून बारीक विणीची. एकदा सर तिच्या ओट्यावर बसून म्हणाले, “कौसाबाई, बोडी मिळून मारता तेव्हा मासोळ्यांचे वाटे कसे पाडता?”

ही तिथली जुनी रीत. सगळी घरं मिळून बोडीत उतरतात, आणि धरलेल्या मासोळ्यांचे गवतावर सारखे वाटे पाडतात. मग एक जण पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका वाट्याला बोट लावून “हा कोनाचा?” विचारतो आणि पाठमोरा माणूस न पाहता नाव घेतो. भांडणाला जागाच नाही.

“असे पाडतो जी, सारखे,” कौसाबाई म्हणाली.

“आणि कितीही घरांत वाटल्या तरी सारखे वाटे पडलेच नाहीत, एक-दोन उरल्याच, तर?”

“उरली मासोळी मांजरीची. त्यात काय इतलं डोकं लावाचं?”

सर थरारले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरावीच्या फळ्यावर लिहिलं: ‘ज्या संख्येत मांजराचं पोट हमखास भरतं ती मूळ संख्या.’ प्राचार्यांनी ते वाचून सरांना रजा घ्यायचा सल्ला दिला.

आता भिंतीचं.

गावातली कोणतीही रिकामी भिंत दिवाळीनंतर रिकामी राहत नाही. नाटकांचा हंगाम लागतो, वडशाच्या नाटक मंडळ्यांचे रंगारी येतात आणि रातोरात तुमच्या घरावर ‘कुंकू पुसलं कुणी?’ असं काहीतरी लिहून जातात. सरांच्या भिंतीवर एका वर्षी माझ्याच नाटकाची जाहिरात लागली होती. हो, मी एक नाटक लिहिलं होतं. दुसऱ्या अंकात प्रेक्षक शेकोटीकडे गेले ते परत आलेच नाहीत, एवढंच त्याबद्दल सांगतो. सरांनी ती जाहिरात चुन्यानं पुसली आणि पुन्हा कुणी भिंतीला हात लावू नये म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळ्या ऑइलपेंटनं, वितीवितीचे अंक काढून आपला लाडका आकडा लिहिला:

३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७

“हा मी शोधला नाही,” सर प्रामाणिकपणे सांगत. “शोधणाऱ्यांनी यंत्रावर शोधला. मी त्याला फक्त भिंत दिली.”

हाही न तुटणारा. पण असे मोठमोठे न तुटणारे आकडे अगणित आहेत, त्यात काय? याची खुबी वेगळी. सर हातात गोणपाट घेऊन भिंतीच्या डाव्या टोकाला उभे राहत आणि पहिला तीन झाकत. “मुंडकं उडवलं. उरला तो तुटतो का? नाही तुटत. आता पाच उडवा. उरलेला? नाही तुटत. सात उडवा...” असं करत गोणपाट घेऊन ते भिंतीच्या कडेकडेनं चालत, दम लागे, खोकत, तरी थांबत नसत. शेवटी एकशे सदतीस उरे, मग सदतीस, मग एकटा सात. कोणताच तुटत नाही! पुढून कितीही कापा, मागे उरतो तो अखंडच. “आणि याच्या पुढे एकापासून नवापर्यंत कोणताही अंक लावून पाहा, लगेच मोडतो. या जातीतला हा सगळ्यात मोठा. याचा वंश इथं संपला,” ते म्हणत, आणि म्हणताना आवाज असा करत की मला उगाच सांत्वनाला जावंसं वाटे.

कौसाबाई एकदा हे सगळं पाहून म्हणाली, “म्हंजे मास्तर, याचं डोक्स कापलं तरी हा मरत नाई?”

“नाही.”

“याले कोनीच तोडू शकत नाई?”

“कोणीच नाही,” सर अभिमानानं म्हणाले.

पुढचं सगळं या दोन शब्दांवर उभं राहिलं. आणि माझ्या तोंडावर.

त्या उन्हाळ्यात जंगलातलं पाणी आटलं आणि बोडीवर वाघ येऊ लागला. आमच्याकडे ही बातमी नसते, ऋतू असतो. पण एका सकाळी त्याचे पंजे बोडीच्या रस्त्यानं थेट गावाकडे आलेले दिसले. सरांच्या भिंतीच्या कडेनं तो टोकापर्यंत आला होता, तिथं मातीत जरा घुटमळला होता, आणि वळून परत जंगलात गेला होता. सगळं गाव पाहायला जमलं. वनरक्षक पोरगी मोटारसायकलवर आली. आलापल्लीकडची, तरुण, कामाला कडक. गाव तिला गार्डमॅडम म्हणे. तिनं ठसे मोजले आणि सांगितलं, “सूर्य वर आल्याबिगर बोडीवर कोणी जायचं नाही. एकटं तर मुळीच नाही. घोळक्यानं, आवाज करत जा.”

तिथून सगळे चहाच्या टपरीवर आले. कोणीतरी विचारलं, “पन हा इथून परत काऊन गेला असंन?”

शहाणा माणूस गप्प बसला असता. मी चहाचा घोट घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, “साधी गोष्ट आहे. वाघानं भिंतीवरचा आकडा वाचला, भाग घालून पाहिला, गेला नाही. म्हणून परत गेला.”

टपरी खो खो हसली. माझ्या नाटकाला सबंध दोन अंकांत जेवढं हसू मिळालं नव्हतं तेवढं या एका वाक्याला मिळालं. मी दुसरा चहा मागवला.

संध्याकाळी मी परतलो तेव्हा तेच वाक्य माझ्या आधी गावभर फिरून आलं होतं, पण वाटेत त्यातलं हसू गळून पडलं होतं. काकूंनी दारातच विचारलं, “भाऊ, मास्तराच्या आकड्यानं वाघ अडवला म्हन्तेत, खरं हाये का जी?”

चार-आठ दिवसांत गावातल्या घराघरांवर आकडे उगवले. आता लोकांचं साहजिक चुकलं ते असं, की आकडा लिहायचा तर माणूस पहिल्यापासून लिहायला घेतो आणि भिंत संपली की थांबतो. पिठाच्या गिरणीवर ‘३५७६८६३१२६’ आलं. हनुमानाच्या देवळावर ‘३५७६८’. कौसाबाईनं दारावर कोळशानं ‘३५७६’ काढलं. आणि एका सायकलच्या मडगार्डवर तर नुसतं ‘३५’.

मला वाटलं, सर आता अंधश्रद्धेवर भडकणार. ते भडकले, पण भलत्याच गोष्टीवर.

“पस्तीस!” ते अंगणात येरझाऱ्या घालत ओरडले. “पाच सत्ते पस्तीस! दुसरीतल्या पोट्ट्याले समजते! आणि कौसाबाईच्या दारावर तीन हजार पाचशे शहात्तर! अहो, सम संख्या! आठनंही जातो, तीननंही जातो! एवढा मोडका आकडा दाराला लावून झोप कशी येते या बाईला?”

“सर, पण मुळात आकड्यानं वाघ अडतो हेच—”

“ते तर मूर्खपणाचंच आहे,” सर म्हणाले. “पण मूर्खपणालासुद्धा काही शुद्धता असावी की नाही?”

आणि त्यांनी निळ्या रंगाचा डबा उचलला. मला वाटलं पुसायला चालले. ते दुरुस्त करायला चालले होते. घरोघरी जाऊन सांगू लागले, जागा कमी असेल तर डोक्याकडून नाही, शेपटाकडून घ्या. देवळावर ‘६२९१३७’ केलं, सायकलवर ‘३७’, कौसाबाईच्या दारावर स्वतःच्या हातानं ‘२९१३७’. डबा धरून मागे मी. काही घरांत आम्हाला चहा मिळाला, एका घरी नारळ. सर नारळ घेत नव्हते, तो मी घेतला.

मग गावात बोललं जाऊ लागलं ते असं: आधी आकडा होता, आता मास्तरानं स्वतः येऊन बांधून दिला.

कौसाबाईनं पत्र्याच्या तुकड्यावर ‘२९१३७’ रंगवून घेतलं, दोन भोकं पाडून त्यात सुतळी ओवली आणि तो पाठीवर बांधला. आमच्याकडे जंगलात जाताना डोक्यामागे मुखवटा लावतात, वाघ मागून येतो म्हणून. तिनं मुखवट्याच्या जागी आकडा लावला. आणि ती उजाडायच्या आत, एकटी, बोडीवर जाऊ लागली. घोळक्यात जायचं तर बाकीच्या बायांची वाट पाहावी लागे आणि तोवर मासोळी खोल जाई. तिचं पाहून आणखी दोघी-तिघी एकेकट्या निघाल्या. पाठीवर पत्रे.

एका सकाळी कौसाबाई रिकामी टोपली घेऊन परत आली आणि थेट सरांच्या अंगणात. चेहरा असा उजळलेला, जशी नातवाच्या बारशाची बातमी आणली आहे.

“दिसला जी मास्तर!”

“कोण?”

“कोन म्हन्जे? तोच. बोडीच्या पाळीवर, बांधावर उभा होता, त्या बाजूनं. माह्याकडं पाह्यलं त्यानं. असा.” तिनं मान खाली घालून डोळे वर करून दाखवलं.

सरांनी चहा खाली ठेवला. “मग? तुम्ही ओरडलात?”

“काऊन ओरडू? पळाली बी नाई.” तिनं टोपली खाली ठेवली आणि आमच्याकडे पाठ केली. पत्रा उन्हात चमकला. “अशी उभी राह्यली. म्हनलं, वाच बापा.”

माझ्या विनोदाला हसावं असं त्या क्षणी मलाही वाटलं नाही.

“मंग थोड्या वेळानं पाह्यलं तं नव्हता. गेला. वाचून गेला!” आणि ती ही बातमी पुढच्या घरी द्यायला निघूनही गेली.

गार्डमॅडम दुपारी आली. हेल्मेट काढायच्या आधी म्हणाली, “सर, मी मागे उभं राहून माणसं वाचवायची आणि तुम्ही पुढे उभं राहून आकडे वाटायचे, असं किती दिवस चालणार? ती बाई पाठ करून उभी राहिली होती. वाघाला पाठ! त्याच्या मनात आलं असतं तर?”

सर उठून भिंतीकडे गेले.

पहिला उपाय म्हणून त्यांनी मला चावडीवर उभं केलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की बाबांनो, ते मी गमतीनं बोललो होतो. गावानं ते फार प्रेमानं ऐकून घेतलं. “लहाने मास्तर लाजून राह्यले,” कोणीतरी म्हणालं. “कधी कधी मानसाच्या तोंडून देव बोलते, त्याले स्वतःले समजत नाई.” जन्मात माझ्या एका वाक्यावर लोकांनी विश्वास ठेवला, आणि तो मला परत घेता येईना.

दुसरा उपाय म्हणून सरांनी विज्ञान सांगितलं. मूळ संख्या म्हणजे काय, भाग जाणं म्हणजे काय, वाघाला अंकज्ञान कसं नसतं. कौसाबाईनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “पन तुमीच सांगतलं न जी, याले कोनीच तोडू शकत नाई.”

घरी आल्यावर काकू भाजी निवडताना सहज बोलल्या. “तुमचं ऐकत नाई ते लोक. आकड्याचं ऐकतेत. तं मंग आकड्यालेच सांगा न बोलाले.”

रविवारी गावानं बोडी मारायची ठरवली होती. गार्डमॅडम काठावर उभी होती, डबे वाजत होते, अख्खा घोळका पाण्यात. बारक्या मासोळ्या भरपूर निघाल्या. वाटे पाडायच्या आधी सरांनी सगळ्यांना थांबवलं आणि मासोळ्यांच्या टोपल्यांसकट आपल्या भिंतीपाशी आणलं.

“कौसाबाई,” ते म्हणाले, “आकड्यातला एकेक अंक वाचा आणि तेवढ्या मासोळ्या या ताडपत्रीवर टाका. तीन आहे तर तीन, पाच आहे तर पाच.”

भिंतीच्या कडेनं ती चालत गेली आणि मागोमाग मासोळ्या पडत गेल्या. सर म्हणाले, “आता यांचे तीन वाटे पाडा. अंकांच्या बेरजेचे तीन सारखे वाटे पडले तर त्या आकड्याचेही पडतात. हा नियम माझा नाही, जगाचा आहे.”

बायांनी वाटे पाडले. एक मासोळी उरली.

“मांजरीची!” कौसाबाई आनंदानं ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकडा पक्का होता.

सरांनी कोटाच्या खिशातून छिन्नी आणि हातोडी काढली. कोट त्यांनी त्यासाठीच घातला होता, भर उन्हाळ्यात. ते भिंतीच्या उजव्या टोकाला गेले, शेवटच्या सातापाशी, आणि त्यावर छिन्नी ठेवली. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाले, “नको. तुम्ही मराठीचे.” आणि घाव घातला. प्लास्टर उडालं. निळ्या सातचे तुकडे रस्त्यावर पडले. त्यांना खोकला आला, थांबले, पुन्हा घातला. सात गेला.

“आता सात मासोळ्या उचला,” ते धापा टाकत म्हणाले. “आणि परत तीन वाटे पाडा.”

बायांनी पाडले. पुन्हा मोजले. तीन वाटे, तिन्ही सारखे, ताडपत्रीवर एकही मासोळी उरलेली नाही.

कोणी टाळी वाजवली नाही.

“मोडला,” सर म्हणाले. “हा पाहा, मोडला. मला दमा आहे. मला जिने चढवत नाहीत. माझ्या हातानं मोडला, दोन घावांत. वाघाला छिन्नीसुद्धा लागत नाही.”

कौसाबाईनं सातच्या जागी पडलेल्या खड्ड्यात बोट घालून पाहिलं. मग म्हणाली, “मंग तो काऊन गेला जी, त्या दिवशी?”

गेल्या कित्येक वर्षांत मी सरांना जे वाक्य म्हणताना ऐकलं नव्हतं, ते त्यांनी म्हटलं. “मला माहीत नाही. पोट भरलं असेल त्याचं. उद्या भरलेलं नसलं तर?”

कौसाबाईनं हात मागे नेऊन सुतळीची गाठ सोडली, पत्रा काढला, हातात तोलला आणि म्हणाली, “चुलीवर झाकाले कामी येईल.” बाकीच्या बायाही गाठी सोडू लागल्या. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती सरांकडे वळली.

“आमचा आकडा तं तुमी नेला मास्तर. आता उद्यापासून तुमी या आमच्यासंगं. घोळक्यात मानूस पाह्यजे न? हे लहाने मास्तर बी घ्या. यायनंच लावला न हा कारभार.”

काकू दारातून म्हणाल्या, “जातीन जी ते. पाठवते मी.”

दुसऱ्या दिवशी सूर्य झाडांच्या वर आल्यावर बायांचा घोळका निघाला आणि पुढे सर, हातात रिकामा तेलाचा डबा आणि काठी. मी सगळ्यात मागे. वाघ मागून येतो असं म्हणतात, हे मला तिथं उभं राहिल्यावर आठवलं. जंगलाजवळ आल्यावर कौसाबाई म्हणाली, “आता आवाज करा. काही बी ओरडा, पन मोठ्यानं.”

सरांना ओरडायचं काय ते सुचेना. गाणं त्यांना एकही येत नव्हतं. क्षणभर त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग छाती भरून घेतली, डब्यावर काठी हाणली आणि सुरू केलं, “एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!”

बाया आधी हसल्या, मग मागोमाग ओरडू लागल्या. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीला बगळे उडाले. एकोणतीस नव्वेला मीही मागून ओरडलो. चुकीचं ओरडलो, पण मोठ्यानं. बोडीच्या पाळीवर पोचल्यावर सर एकदम थांबले, घाबरून मागे वळले आणि म्हणाले, “कौसाबाई, हे बघा, हा पाढा आहे. यात काही शक्ती वगैरे नाही. उद्या दारावर पाढे लिहू नका हं.”

कौसाबाईनं जाळं खांद्यावरून उतरवलं.

“पाढ्यात कायले शक्ती असंन जी?” ती म्हणाली. “तुमचा आवाजच असा हाये का वाघ पळाला नाई तं आमी पळू. ओरडा तुमी, थांबू नोका.”